रात्री दोनला टक्क जागी बाळं: अनुभव लिहा

काल रात्री अडीचला भाचीचा मेसेज. "मावशी, हा हसतोय गं. रडत असता तर काहीतरी केलं तरी असतं."

माझी लेक डोळ्यांपुढे आली. आता कॉलेजात आहे, सकाळी हाका मारून घसा बसतो. पण आठ महिन्यांची असताना बाईसाहेब रात्री दोनला डोळे उघडायच्या ते साडेचारपर्यंत. भूक नाही, रड नाही. पायाचा अंगठा धरायचा, सोडायचा, पुन्हा धरायचा. कंटाळा आला की माझ्या नाकपुडीत बोट. ज्याने त्याने सांगितलं, दूध पुरत नसेल. पाजलं की ती आणखी तरतरीत!

शेवटी कागदावर बेरीज मांडली. चार महिने ते वर्षाच्या बाळाला दिवसाची धरून १२ ते १६ तास झोप लागते म्हणतात. आमची तेरावाली. साडेतीन तास दिवसाच उरकायची, म्हणजे रात्रीसाठी साडेनऊ. आणि आम्ही तिला साडेसहाला निजवून सकाळी साडेसहाची वाट बघणार. वरचे अडीच तास ती कुठे काढणार? पहिल्या चार-पाच तासांच्या गाढ झोपेत झोपेची ओढ बरीचशी ओसरते, म्हणून खिंडार मधेच पडतं. झोपायची वेळ रोज थोडी पुढे सरकवत साडेआठवर नेली, दुपारची झोप आवरली. आठवड्याभरात फरक दिसला.

तुमच्याकडे काय काय झालं? लिहा.

जुळ्यांचा बाबा: आमच्याकडे शिफ्ट ड्युटी. एक पेंगला की दुसरा कामावर हजर. दोघं वेळेआधी जन्मलेले, तेव्हा वय ठरलेल्या तारखेपासून मोजा असं डॉक्टर म्हणाले आणि जीव भांड्यात पडला. तोवर बाकीच्यांच्या बाळांशी तुलना करून वेड लागायची पाळी आली होती. बाकीचं नंतर, एक उठलाय

अर्धोन्मीलित: माझं तीन आठवड्यांचं आहे. दिवसा कुंभकर्ण, रात्री जागरण. बेरीज करू का? एका हाताने टाइप करतेय, चुका पोटात घाला

धागाकर्ती: अगं नको नको! इतक्या लहानाचं घड्याळ अजून सुरूच झालेलं नसतं. रात्र झाल्याची वर्दी देणारं मेलाटोनिन बाळाचं स्वतःचं बनायलाच साधारण दोन-तीन महिने जातात. आणि त्याची भूक खरी आहे, पाजायचंच. दिवसा उजेडात, आवाजात ठेव. रात्री मंद दिवा, गप्पा बंद. एक मात्र ऐक, सोफ्यावर बसून पाजताना डोळा लागू देऊ नकोस, ते धोक्याचं असतं.

काकू नं. १: दात येत असतील हो. उगाच गणितं कसली मांडता.

त्रिकोणी कुटुंब: काकू, दात काय रोज बरोब्बर दोनलाच येतात? 😀

काकू नं. १: आमच्याकडे यायचे.

मिनूची आई: हसणारं आणि रडणारं यात फरक करा बायांनो. आमचा आडवा केला की किंचाळायचा, खांद्यावर घेतला की चूप. ताप नव्हता म्हणून कोणाच्या ध्यानीमनी नाही. डॉक्टरांनी कानात बघितलं तर कान सुजलेला. पुतणी रात्रभर पाय झाडायची, तिच्या रक्तात लोह कमी निघालं. पण ते तपासूनच, मनाने औषध देऊ नका.

कठड्यावरचा पहारेकरी: आमचं रत्न नुकतं उभं राहायला शिकलेलं. रात्री पाळण्याचा कठडा धरून उभं, आणि खाली बसायचं कसं ते माहीत नाही! मग हाका. आडवा केला की पुन्हा उभा. शेवटी दिवसा त्याला गुडघे वाकवून बसायचा सराव दिला. लोक चालायला शिकवतात, आम्ही बसायला.

जुळ्यांचा बाबा: 😂😂 आलो परत. दुसरा पण उठला

स्पष्टच बोलते: पहिल्याच्या वेळी बेरीज जमली, दुसरीच्या वेळी सगळं तेच करून काडीचा उपयोग नाही. दीड वर्षाच्या सुमारास दिवसाच्या दोन झोपांची एक झाली आणि रात्रीचं आपोआप थांबलं. त्यामुळे "हे करा, झोपेल" असं मी कोणाला सांगत नाही. आमचा तारणहार म्हणजे सासरे. त्यांनाही रात्री झोप नाही. नात मांडीवर, हातात शब्दकोडं. "आडवे सहा, काय असेल गं?" असं तिलाच विचारायचे. मी आत घोरत.

त्रिकोणी कुटुंब: असे सासरे भाड्याने मिळतात का

अर्धोन्मीलित: थँक्यू सगळ्यांना. वाचून रडू आणि हसू दोन्ही आलं. विषयांतर आहे, पण तो गाणारा, डोळे लुकलुकणारा हत्ती भेट आलाय, त्याचा आवाज बंद कसा करतात? नुसतं कूस बदललं तरी सुरू होतो

कठड्यावरचा पहारेकरी: पोटाखाली झाकण असेल, बारीक स्क्रूड्रायव्हर लागेल. बॅटरी काढून झाकण परत घट्ट लाव हं, सेल बाळाच्या हाती नको.

मिनूची आई: आणि भेट देणाऱ्यांना सांग, बॅटरी संपलीये. आमच्याकडे तर वर्षभर संपलेलीच आहे.