११ बाय २८ चं किराणा दुकान: व्हीलचेअर आणि बाबागाडीसाठी वाट किती सोडायची?

काळीमाती (प्रश्न)
जिल्हा यवतमाळ, बाजाराचं गाव. दुकान आतून ११ फूट रुंद, २८ फूट खोल. जोतं रस्त्यापासून १८ इंच वर, समोर तीन पायऱ्या आणि पायऱ्यांना लागून उघडी नाली. काउंटरवरून माल देणं बंद करून गिऱ्हाइकाला आत सोडायचं आहे. रॅकवाला म्हणतो, भिंतींना १८ इंची, मधात दुहेरी १८ इंची टाका, दोन्हीकडं अडीच फुटाची वाट उरते, पुरे झाली. गावात वॉकरवाले म्हातारे पुष्कळ, एक व्हीलचेअर, दोघांच्या तीनचाकी सायकली, आणि बाबागाड्याही दिसायला लागल्या आहेत. अडीच फूट पुरेल का? आणि रॅम्प कुठून काढू? खर्चाचं नंतर पाहू, आधी मापं सांगा.

रॅकफिटर_अमरावती
नाही पुरणार. मोठ्या माणसाची व्हीलचेअर बाहेरून बाहेर २५ ते २७ इंच भरते. स्वतः चाक ढकलणाऱ्याची बोटं आणि कोपरं दोन्ही बाजूंनी आणखी दोन-दोन इंच खातात. म्हणजे ३० इंचात गाडी जाते, हात सोलतात. बाबागाडी २० ते २४ इंचांची, ती निघून जाईल, पण समोरून कोणी आलं की एकाला उलटं फिरावं लागेल.

सरळ वाटेला ३६ इंच हे कमीत कमी. पण तुमची खरी अडचण सरळ वाटेत नाही, वळणावर आहे. मधल्या अरुंद रॅकला वळसा घालून परत यायचं, तर अमेरिकेच्या नियमातलं गणित सोपं आहे: दोन्ही वाटा ४२ इंच आणि वळणावर ४८, किंवा वाटा ३६ आणि वळणावर ६०.

आता तुमचा हिशेब. ११ फूट म्हणजे १३२ इंच. मधलं रॅक १२ अधिक १२, भिंतींचे १०-१०, झाले ४४. खांब आणि पाठीचा पत्रा मिळून या चारही फळ्यांमागं इंच-इंच जास्त धरा, कारण रॅकवाले फक्त फळीचं माप सांगतात. ४८ गेले, ८४ उरले, दोन्हीकडं ४२-४२. तेलाचा १५ किलोचा डबा सव्वानऊ इंचांच्या आसपास असतो, तो १० इंची फळीवरही बसतो. १८ इंची फळीवर मागचा माल दिसतच नाही आणि तारीख उलटून जाते, त्यामुळे तुमचं फार काही जात नाही.

लांबीत: तीन फुटी पाच रॅक म्हणजे १५ फूट. मागे ५ फूट मोकळे सोडा, पुढचे ८ फूट काउंटर आणि तराजूला.

पुसदकर
वरचं गणित कागदावर बरोबर आहे, पण दुकान सुरू झाल्यावर वाट कशी कमी होते तेही धरा. शाम्पूच्या लड्या हुकाला लटकतात, चार इंच गेले. ढेपेचं चुंगडं (पोतं) "फक्त आजच्या दिवस" म्हणून वाटेत ठेवलं, ते तिथंच मुक्कामाला. थंड पेयाचे क्रेट, झाडूंची पेटी, दिवाळीत पणत्यांचं टोपलं. काहून रॅकवाल्याला दोष द्यावा राजेहो, वाट आपणच खातो. फरशीवर ४२ इंचांच्या दोन पिवळ्या रेघा मारा आणि कामावरच्या पोराला एकच नियम सांगा: रेघेच्या आत काही ठेवायचं नाही. चुंगडी मागच्या पाच फुटातही नकोत, तिथंच तर गाडी वळायची आहे. ती काउंटरच्या मागं घ्या.

गवंडीकाम_वर्धा
रॅम्पसाठी आधी एक सांगा, बाजूला स्वतःची जागा आहे का? १८ इंच चढाला एकास बारा उताराने, म्हणजे इंचभर चढाला फूटभर लांबी धरून, १८ फूट लांबी लागते. समोर नाली आहे, तिथं बसणार नाही. लोक तिथं पायऱ्यांवरच सिमेंटची घसरगुंडी करतात. तीन-चार फुटात १८ इंच चढवला, तर मागून दोन माणसं ढकलणारी लागतात आणि उतरताना व्हीलचेअर पुढं उलटते.

काळीमाती
पूर्वेला साडेपाच फुटाची बोळ आहे, आपलीच, मागपर्यंत.

गवंडीकाम_वर्धा
मग जमलं. रस्त्याकडून पहिले ५ फूट सपाट, मग १८ फूट रॅम्प, शेवटी ५ फूट सपाट चौथरा. बरोबर २८. चौथऱ्यावरून दुकानात दार काढा, ते नेमकं तुमच्या मागच्या पाच फुटी मोकळ्या जागेत उघडतं. दाराची मोकळी रुंदी ३६ इंच हवी. ३६ ची चौकट घेतली तर पल्ला आणि बिजागरी धरून ३३ उरतात, म्हणून चौकट ४० ची सांगा. सरकतं दार बरं, चौथऱ्यावर पल्ला फिरवायला जागा जात नाही. उंबरठा नको. अर्ध्या इंचापेक्षा जास्त उंची आली की पुढची लहान चाकं अडतात.

रॅम्प ४ फूट रुंद. मोकळ्या कडेला तीन इंचाची कड, म्हणजे चाक घसरून खाली जाणार नाही. दोन्ही बाजूंना दीड इंची पाइपाचे दोन-दोन कठडे, एक ३० इंचावर, एक ३६ वर, भिंतीपासून दोन इंच सुटे. नाहीतर बोटं अडकतात.

आता जमीन. काळ्या मातीवर थेट काँक्रीट टाकाल तर दोन पावसाळ्यात रॅम्प फुटेल. ती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. दुकान जड, खोल पायाचं. रॅम्प हलका, तो वर-खाली होतो. दोन फूट माती काढा, सहा-सहा इंचांच्या थरात मुरूम भरा, पाणी मारून धुमसा, वर चार इंच काँक्रीट. मुख्य म्हणजे रॅम्पची सळई भिंतीत घुसवू नका. मधे अर्धा इंच सांधा सोडून डांबरी पट्टी भरा. बांधून टाकला की भेग नेमकी चौथऱ्यापाशी पडते आणि तिथं पायरीसारखी कड वर येते.

वरून खराट्याच्या आडव्या रेघा. चकचकीत टाइल नको, चेकर्ड पत्राही नको, चिखलाच्या चाकांना त्यावर पकड नसते. छताची पन्हाळ रॅम्पवर सोडू नका.

नालीवर ढापे टाकायला ग्रामपंचायतीला विचारा. दोन-दोन फुटाचे, कडी असलेले, उचलता येतील असे टाका, म्हणजे नाली काढायला अडचण नाही. जाळी टाकली तर पट्ट्या चालण्याच्या दिशेला आडव्या आणि फट अर्ध्या इंचाच्या आत. उभ्या पट्ट्यांत बाबागाडीचं चाक सरळ आत जातं.

तीनचाकी
हाताने चालवायची तीनचाकी सायकल दुकानात घ्यायच्या भानगडीत पडू नका, तिच्या लांबीला कोणतीही ४२ इंची वाट पुरत नाही. बोळीच्या तोंडाशी जो पाच फूट सपाट भाग आहे, तिथं ती उभी राहू द्या आणि हाताशी येईल अशी घंटा लावा. दुकानात घडीची एक व्हीलचेअर ठेवली तर बरेच जण तीवर बसून आत येतील. बाकीच्यांना यादी घेऊन माल बाहेर द्या.

काउंटरचा तीन फुटांचा भाग ३० ते ३२ इंच उंच करा, खाली गुडघे जातील एवढी पोकळी. तराजूचे आकडे गिऱ्हाइकाकडं वळलेले हवेत. पैशाचा क्यूआर भिंतीवर उंच चिकटवलेला असतो, तो सुटा ठेवा, हातात देता येईल असा.

मीठ, चहा, साखर, तिखट या रोजच्या वस्तू फरशीपासून १६ ते ४८ इंचांच्या पट्ट्यात लावा. वरच्या फळीवर जादा साठा ठेवा.

नवीन बांधकामाची परवानगी काढणार असाल तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा खाजगी दुकानालाही लागतो, लोकांचा राबता आहे म्हणून. नकाशातच रॅम्प दाखवा.

काळीमाती
रॅकवाला उद्या येतो. फरशीवर आधी काय आखू?

रॅकफिटर_अमरावती
खडूने रॅकच्या रेघा मारा, त्यावर रिकामी खोकी छातीपर्यंत रचा. नुसत्या रेघेवर गाडी सहज वळते, खोकी असली की कोपरं लागतात. मग गावातली ती व्हीलचेअर बोलवा आणि चालवणाऱ्यालाच मागच्या वळणावरून फिरू द्या, ढकलू नका. खोकं हललं तर मधल्या रॅकचा एक तीन फुटी तुकडा कमी करा.