पाहायचे चित्रपट : तुमची यादी कशी ठेवता?

कुणीतरी गप्पांच्या ओघात एका चित्रपटाचं नाव घेतं, आपण 'पाहायलाच हवा' म्हणतो, आणि निवांत वेळ मिळतो तेव्हा नेमकं ते नाव आठवत नाही. म्हणून बहुतेक जण कुठे ना कुठे टिपून ठेवतात : वहीच्या मागच्या पानावर, फोनच्या नोट्समध्ये, स्वतःलाच पाठवलेल्या मेसेजमध्ये. यादी वाढत जाते. तिच्यातले चित्रपट प्रत्यक्षात पाहून होतात का, हा खरा प्रश्न. तुम्ही कसं जमवता, ते सविस्तर लिहा.

सुरुवात माझ्यापासून. माझ्या यादीत प्रत्येक नावापुढे एक ओळ असते : हा का पाहायचा. कुणी सुचवला आणि सुचवताना नेमकं काय म्हटलं. नुसतं नाव लिहिलं, तर चार-सहा महिन्यांनी त्याच्याकडे बघून काहीच वाटत नाही. 'बायसिकल थीव्हज'पुढे (१९४८, दिग्दर्शक व्हित्तोरिओ दे सिका) मी लिहिलं होतं, 'मामा म्हणतो, शेवटी त्या लहान मुलाच्या चेहऱ्यावरून नजर हटवू नकोस.' ती ओळ वाचली आणि त्याच रात्री चित्रपट लावला. तो थोर आहे हे आधीपासून ऐकून होते, पण तेवढ्याने कधी लावावासा वाटला नव्हता.

*

मीही नावापुढे लिहितो, पण वर्ष आणि लांबी. वर्ष नसेल तर घोटाळा ठरलेलाच : 'अ स्टार इज बॉर्न' या एकाच नावाचे चित्रपट १९३७, १९५४, १९७६ आणि २०१८ साली आले. आणि रात्री दहाला बसताना दीड तासाचा कोणता, तीन तासांचा कोणता हे समोर दिसलं की निम्मा निर्णय तिथेच होतो.

*

माझ्या यादीत गंभीर चित्रपट साचत जायचे आणि हलकेफुलके भराभर पाहून व्हायचे. हे माझ्या एकटीचं नाही, हे नंतर वाचनातून कळलं. डॅनियल रीड आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना आज पाहायला चित्रपट निवडायला सांगितला की ते करमणुकीकडे झुकतात. पुढच्या दिवसांसाठी निवडायला सांगितला की जड, दर्जेदार चित्रपट घेतात. पुढे २००९ मध्ये कॅथरीन मिल्कमन, टॉड रॉजर्स आणि मॅक्स बेझरमन यांनी भाड्याने डीव्हीडी घेणाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. 'पाहायला पाहिजे' या गटातल्या डीव्हीडी लोक जास्त दिवस घरी ठेवून घेत होते, आवडीच्या लवकर परत जात होत्या.

यावरून मी यादीच दोन केल्या. एक थकलेल्या संध्याकाळची, दुसरी मोकळ्या दिवसाची. शांताल आकेरमानचा 'झान दिलमन' (१९७५) हा तीन तास वीस मिनिटांचा. त्यात एक बाई स्वयंपाकघरात बटाटे सोलते आणि कॅमेरा हलत नाही. दमून घरी आल्यावर हा लावणं म्हणजे त्या चित्रपटावरही अन्याय. सुट्टीच्या दिवशी सकाळी आंघोळ उरकून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून पाहिला. बटाटे सोलताना तिचा हात थोडासा अडखळतो, तेव्हा मी खुर्चीत सरसावून बसले होते. दमलेल्या डोळ्यांना तो हात दिसलाच नसता.

*

वर 'झान दिलमन'चा विषय निघालाच आहे, म्हणून लिहितो. 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश चित्रपट-मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी, आजवरचे सर्वोत्तम चित्रपट कोणते, यावर समीक्षकांचा कौल घेतं. पहिल्या वेळी 'बायसिकल थीव्हज' सर्वांत वर होता, मग १९६२ ते २००२ सलग पाच वेळा 'सिटिझन केन', २०१२ ला 'व्हर्टिगो' आणि २०२२ ला 'झान दिलमन'. त्यातला 'व्हर्टिगो' १९६२ आणि १९७२ च्या पहिल्या दहांत नव्हताच. जाणकारांच्या याद्या इतक्या बदलतात, तर त्या जशाच्या तशा आपल्या वहीत उतरवण्यात मला अर्थ वाटत नाही. मी एक धागा पकडतो. एखाद्या चित्रपटातला प्रकाश आवडला की छायालेखकाचं नाव बघायचं आणि त्याचं आणखी एक काम यादीत टाकायचं. एकच, जास्त नाही. ते पाहून झालं की पुढचं आपोआप सुचतं. यादी लहान राहते आणि तिच्यातलं प्रत्येक नाव कुठून आलं ते मला सांगता येतं.

*

एक कळकळीची सूचना : यादी एखाद्या स्ट्रीमिंग सेवेच्या आत ठेवू नका. चित्रपट दाखवायचे हक्क ठरावीक मुदतीचे असतात. मुदत संपली की चित्रपट तिथून जातो. माझ्या यादीतली काही नावं अशीच नाहीशी झाली, आणि कोणती होती हे सांगायलाही काही मागे उरलं नाही. आता लेटरबॉक्सड या चित्रपटांच्या नोंदी ठेवायच्या संकेतस्थळावर ठेवते. चित्रपट पाहिल्याची नोंद केली की तो 'पाहायचे'मधून आपोआप निघतो आणि सगळी नोंद फाइल म्हणून उतरवूनही घेता येते. ती फाइल मी अधूनमधून काढून ठेवते. साधी वही असेल तर उत्तमच, ती कुणी काढून नेत नाही.

*

आमच्याकडे दोघांची मिळून एक यादी आहे. एका आठवड्याला हिची निवड, एका आठवड्याला माझी, आणि दुसऱ्याने निवडलेला चित्रपट अर्ध्यात बंद करायचा नाही. एवढा एकच नियम. मूकपट मी आपणहून कधीच लावले नसते; तिच्यामुळे पाहिले आणि आता माझ्या वाट्याच्या आठवड्यातही लावतो.

*

पाहिलेल्या चित्रपटांचीही नोंद ठेवा, असं मला आवर्जून सांगायचं आहे. कॉल नीडम किशोरवयापासून पाहिलेल्या चित्रपटांची माहिती टिपत असत. त्या छंदातूनच १९९० मध्ये आयएमडीबी या चित्रपटांच्या माहितीसंग्रहाची सुरुवात झाली. पाहिलेल्यांची नोंद चाळली की आपल्याला काय भावतं हे उमगतं आणि पाहायच्या यादीत कुणाला जागा द्यायची ते नीट ठरवता येतं.

*

माझ्या वहीत शेवटची दोन पानं नाव नसलेल्या चित्रपटांची आहेत. वडील सत्तरी ओलांडलेले. त्यांना नावं आठवत नाहीत, प्रसंग मात्र लख्ख आठवतात. ते सांगतील तसं उतरवून घेते. एक नोंद अशी : 'काळापांढरा. रेल्वे स्टेशनवरचं उपाहारगृह. बाईच्या डोळ्यात कण जातो, एक अनोळखी डॉक्टर रुमालाने काढतो. दोघंही विवाहित.' बरेच दिवस ती नोंद तशीच होती. मग एकदा एका जाणकार मैत्रिणीला वाचून दाखवली. तिचं उत्तर लगेच आलं : डेव्हिड लीनचा 'ब्रीफ एन्काउंटर', १९४५. आम्ही दोघांनी बसून पाहिला. कण काढायचा प्रसंग येण्याआधीच बाबांनी माझा हात दाबला, 'आता बघ.' चित्रपट संपल्यावर दिवा लावेपर्यंत त्यांनी आणखी एका चित्रपटाची गोष्ट सांगायला घेतली होती. तीही त्याच पानावर उतरवून घेतली आहे.