काचेच्या भांड्यात बेकिंग : उरलेली दोन भांडी ओव्हनमध्ये वापरावीत का?

नमस्कार.

आमच्या सोलापूरच्या घरी ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन) येऊन दोन वर्षे झाली. दही, टोमॅटो, चिंच असलेले आंबट पदार्थ अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात भाजायला मन घेत नाही, म्हणून सासूबाईंच्या कपाटातली काचेची तीन चौकोनी भांडी मी वापरायला काढली. त्यांतले एक गेल्या शनिवारी फुटले.

टोमॅटोच्या रसातली भरली वांगी २०० अंश सेल्सियसवर ४० मिनिटे भाजून मी भांडे बाहेर काढले आणि सवयीने ओट्यावर ठेवले. ग्रॅनाइटचा तो ओटा नुकताच ओल्या फडक्याने पुसलेला होता. टणकन आवाज झाला आणि खडीसाखरेच्या खड्यांएवढे तुकडे ओटाभर उडाले. मुलगी शेजारीच उभी होती. तिला काही लागले नाही, पण ते आठवले की अजूनही छातीत धस्स होते.

तापलेली काच एका बाजूने एकदम निवली की तडकते, हे मला ठाऊक आहे. बोरोसिलिकेट काच उष्णतेने फार कमी प्रसरण पावते आणि साधी सोडा-लाइम काच तिच्या सुमारे पावणेतीन पट, त्यामुळे साध्या काचेला असा धक्का सोसत नाही, हेही वाचले आहे. फुटलेल्या भांड्याचे बारीक, बोथट तुकडे झाले, त्यावरून ते टफन केलेल्या (म्हणजे प्रक्रिया करून कणखर बनवलेल्या) सोडा-लाइम काचेचे असावे असा माझा अंदाज आहे. उरलेल्या दोन्ही भांड्यांच्या तळावरचा छाप मात्र घासून घासून पुसट झाला आहे. एकावर फक्त मायक्रोवेव्हची खूण दिसते. पण मायक्रोवेव्हला चालणारे भांडे ओव्हनच्या आचेला टिकेलच असे नाही. दुसऱ्याच्या आतल्या तळाला सुरीचा बोटभर ओरखडा आहे, नख फिरवले तर अडकते. छाप नसताना काचेचा प्रकार घरच्या घरी खात्रीने ओळखता येतो का? आणि ओरखडा असलेले भांडे ओव्हनमधून कायमचे बाद करावे का?

दुसरी अडचण केकची आहे. शेंगदाण्याचा कूट घातलेला रव्याचा केक अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात १८० अंशांवर ३५ मिनिटांत छान होतो. तोच काचेच्या भांड्यात केला, तर कडा करपतात आणि मधोमध सुरी घातली की ओले पीठ चिकटून येते. काच उशिरा तापते आणि तापली की उष्णता धरून ठेवते, म्हणून आच १५ अंशांनी कमी ठेवून वेळ वाढवावा, असे सुचवतात. त्याप्रमाणे १६५ अंशांवर ५० मिनिटे ठेवून पाहिले. कडा सुधारल्या, पण मधला भाग खाली बसला. कूट तेलकट असल्यामुळे असे होत असेल का, की पिठाचा थर दोन बोटांपेक्षा कमी ठेवायला हवा? शेंगदाण्याचा कूट घालून काचेच्या भांड्यात केक करणाऱ्यांनी आपले तापमान, वेळ आणि भांड्याची खोली कृपया सांगावी.

तोवर दोन्ही भांडी मी फक्त दही लावण्यासाठी वापरत आहे.