मदत हवी आहे : ऐनाच्या कवळाला टसराचे (रानरेशमाच्या पतंगाचे) कोष आहेत, राब भाजण्याआधी कुठे हलवू?

नमस्कार. आमचं गाव राजापूर तालुक्यात. बांधावरच्या ऐनाच्या झाडांची कवळं (पाल्यासकट डहाळ्या) तोडून तरव्यात, म्हणजे भाताची रोपं करायच्या जागेत, रचून ठेवली आहेत; तीच जाळून जमीन भाजायची, तो राब. त्यांत ठिकठिकाणी लहान अंड्याएवढे, राखाडी-पिवळसर, अतिशय टणक कोष सापडले. प्रत्येकाला काळपट देठ, आणि देठाच्या टोकाचं कडं डहाळीभोवती घट्ट बसलेलं.

बाबा म्हणतात टसर विदर्भातलं. गडचिरोली-भंडाऱ्याकडे ढिवर लोक ऐन-अर्जुनावर टसराच्या अळ्या पाळतात, हे खरंच आहे. पण रानातला टसर पतंग आपल्या सह्याद्रीतही राहतो. पावसाळ्यात पडवीतल्या दिव्यावर आलेला मी पाहिलाय : विटकरी रंग, चारही पंखांवर पारदर्शक गोल डोळा. म्हणून हे कोष त्याचेच असावेत असं ठामपणे वाटतं.

राब भाजल्याशिवाय बाबांचं भात होत नाही, त्यांना मी अडवणार नाही. पण एवढे जीव जळू द्यायचे नाहीत. यातले जिवंत कुठले, ते कसं ओळखू? घरात खोक्यात ठेवले तर चालतील का? कृपया लवकर सांगा, शिमगा झाला की भाजणी सुरू होईल.

प्रतिसाद :
ताई, वर्णनावरून टसरच. देठ आणि कडं ही पक्की खूण.

कोष हातात घेऊन बघा. जड लागला, हलवल्यावर आत काही आपटल्यासारखं वाटलं तर जिवंत. एका टोकाला मोठं भोक असेल तर पतंग आधीच निघून गेलाय.

घरात मात्र नको. आतला जीव उन्हाळाभर झोपून राहतो आणि पावसाच्या सुरुवातीला, अंधार पडल्यावर बाहेर येतो. पंख पसरायला त्याला लोंबकळायला जागा लागते. त्याला खाता येत नाही, आयुष्य जेमतेम आठवड्याभराचं. मादी एका जागी बसून वासाने नराला बोलावते. बंद खोलीत नर तिच्यापर्यंत पोचणारच कसा?

कोष देठावरून खुडू नका. वीतभर डहाळीसकट कापा आणि जवळच्याच न तोडलेल्या ऐनावर सावलीत सुतळीने बांधा. मुंग्यांची ये-जा असलेली फांदी टाळा. आणि बाबांना विनंती करून एक-दोन ऐन दरवर्षी कवळाविना राखा, पावसाळ्यात अळ्यांना पाला तिथेच मिळेल.