प्रति: रस्ता गुळगुळीत म्हणजे पूल ठीक?

वर एकांनी लिहिलंय की पुलावरचा रस्ता गुळगुळीत आहे, मग तपासणीची एवढी घाई कशाला. मला हे अजिबात पटत नाही. पणजीचा मांडवीवरचा पूल जुलै १९८६ मध्ये कोसळला, तेव्हा तो वीस वर्षांचाही नव्हता. काँक्रीटच्या आतल्या ताणलेल्या पोलादी केबल्स गंजल्या होत्या. गाडीतून जाणाऱ्याला ते दिसणार कसं?

आपल्याकडे गोव्यात खारी हवा आणि वर चार महिने पाऊस. मिठातलं क्लोराइड हळूहळू सळ्यांपर्यंत पोचतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे काँक्रीट आतून फुटून त्याचे पोपडे सुटतात. तपासनीस हातोडीने ठोकत जातो तो यासाठीच: घट्ट भाग खणखणीत वाजतो, सुटलेला बद्द. पण त्यासाठी पुलाखाली लटकवलेल्या पाळण्यातून किंवा होडीतून पुलाच्या पोटाशी जावं लागतं, काठावरून फोटो काढून भागत नाही.

पुलाच्या जोडांमधून गळणारं पाणी थेट बेअरिंगवर, म्हणजे खांबावर पूल ज्यावर टेकतो त्या आधारावर, पडतं, तेही बघायला हवं. आणि खांबांच्या पायथ्याची माती वाहून गेलीय का, हे पाणबुड्याशिवाय नीट कळत नाही. जुवारी असो वा बोरी, प्रत्येक पुलाचा तपासणी अहवाल लोकांना वाचायला मिळाला पाहिजे, ही मागणी आपण सगळ्यांनी लावून धरूया.