अंदमानच्या सहा दिवसांत बारातांग कशाला?

तापीकाठचा
जानेवारीच्या शेवटी आम्ही सहा जण अंदमानला निघतोय. आई-बाबा, आम्ही दोघं, दोन पोरं. रावेरहून भुसावळ, तिथून नवजीवननं चेन्नई, पुढं विमान. एजंटनं आखलेल्या सहलीत एक अख्खा दिवस बारातांग बेटाचा होता, तो मी खोडला. तेव्हापासून घरात महाभारत चालू आहे, म्हणून इथं टाकतोय.

माझं म्हणणं साधं आहे. पहाटे तीनला उठायचं, जिर्काटांगच्या फाटकावर गाड्यांच्या रांगेत थांबायचं, ताफा सुटला की जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जायचं, खाडी ओलांडायची, मग स्पीडबोट, मग पायपीट. आणि शेवटी काय, तर चुनखडीची गुहा. अरे, अजिंठा आपल्या अंगणात आहे! दुसरं आकर्षण चिखलाचा ज्वालामुखी. मित्रानं फोटो दाखवला, तर शेणकाल्याच्या टाक्यात बुडबुडे यावेत तसं काहीतरी. उनपदेवला निदान पाणी गरम तरी असतं.

तो दिवस मला सेल्युलर जेल आणि रॉस बेटाला द्यायचाय. एजंट जेलला संध्याकाळचे दोन तास देतो, त्यातला निम्मा वेळ लाइट अँड साउंड शोचा. बोला.

सातपुड्याचा उतार
भाऊ, अजिंठा माणसानं कोरला. बारातांगची गुहा पाण्यानं थेंबाथेंबानं घडवली. त्यांची तुलना कशाला? आणि गुहा हे निमित्त आहे, खरी मजा खाडीची. दोन्ही बाजूंनी खारफुटी, मुळं पाण्यात पाय रोवून उभी, बोट शेवटी इतक्या चिंचोळ्या वाटेत शिरते की डोक्यावर फांद्यांचा मांडव होतो. आपल्या पोरांनी नदीकाठी बाभळी आणि केळीच्या बागा पाहिल्या. त्यांना हे कधी दिसणार? चिखलाच्या ज्वालामुखीबद्दल मात्र तुमचं खरं आहे. तिथं मीही दोन मिनिटांत परत फिरलो.

अमळनेरकरीण
दोघांच्याही बोलण्यात जारवा नुसते वाटेत लागतात, घाटातल्या माकडांसारखे. माझा बारातांगला विरोध आहे तो नेमका यासाठी.

ही काही शे माणसं. १९९०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ती आपल्यापासून लांबच राहत होती. त्यांच्या जंगलातून जाणारा हा रस्ता बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये सांगितलं. रस्ता अजून चालू आहे. फोटो काढायला, गाडी थांबवायला, खायला द्यायला बंदी आहे. आम्ही गेलो तेव्हा ड्रायव्हरनं गाडी थांबवली नाही, फक्त हळू केली आणि म्हणाला, "बघा, डावीकडे बघा." गाडीतली आम्ही सगळी डावीकडे वळलो. मीसुद्धा. एक बाई आणि कडेवर पोर. त्या बाईनं आमच्याकडे पाहिलं आणि मला मान खाली घालावीशी वाटली.

सातपुड्यातल्या काठी गावच्या राजवाडी होळीला आपण जातो, तिथंही बाहेरचे कॅमेरे घेऊन घुसतात, ते मला पटत नाहीच. पण तिथला माणूस आपल्याला नाव विचारतो, "सरक बाजूला" म्हणतो. इथं मधे काच.

सातपुड्याचा उतार
ताई, रस्ता बंद करा म्हणणं सोपं आहे. पलीकडे रंगत, मायाबंदर, डिगलीपूर आहे. तिथला आजारी माणूस याच रस्त्यानं मोठ्या दवाखान्यात येतो.

अमळनेरकरीण
त्याला यावंच लागतं. तुम्हाला-मला जावंच लागतं का? मी रुग्णवाहिकेबद्दल बोलतच नाहीये. खारफुटी बघायची तर स्वराज द्वीपला, म्हणजे हॅवलॉकला, कयाकमधून बघा. अमावास्येच्या आसपास गेलात तर रात्री वल्ह्याबरोबर पाणी चमकतं, तेही दिसेल.

भुसावळ जंक्शन
तुमचं बारातांग जाऊ द्या, जेलसुद्धा दोन तासांत होतं. एवढ्या लांब जाऊन भिंती काय बघायच्या? मे महिन्यात ४५ अंशांत भाजून निघणारी माणसं आपण, पाण्यात उतरा की राव! राधानगरचा किनारा, एलिफंट बीचचं स्नॉर्केलिंग, आणि स्कूबा कराच. माले पोहता येत नही, तरी उतरनू ना भो! शिकवणारा पाठीमागून धरून ठेवतो, आपण फक्त तोंडानं श्वास घ्यायचा.

दोन गोष्टी एजंट सांगत नाहीत. स्कूबानंतर निदान एक दिवस विमानात बसायचं नाही, म्हणून ते सहलीच्या सुरुवातीला घ्या. आणि जानेवारीत तिथं सव्वापाच-साडेपाचला सूर्य बुडतो. आपल्या सवयीनं पाचला चहा घेऊन निघालात तर राधानगरला अंधार बघाल. शिंपले, प्रवाळ पोरांच्या खिशात येऊ देऊ नका, विमानतळावर काढून घेतात.

तिकिटावर स्वराज द्वीप असतं, तिथले लोक हॅवलॉक म्हणतात. नील म्हणजे शहीद द्वीप. २०१८ मध्ये नावं बदलली. पोर्ट ब्लेअरचंही २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. गोंधळू नका.

पिंप्राळ्याचा मास्तर
जंक्शनराव, भिंतीच बघायच्या असतात. त्या जेलची सगळी क्रूर हुशारी भिंतींत आहे. मधे मनोरा आणि त्यातून सायकलच्या आऱ्यांसारख्या सात इमारती निघालेल्या. प्रत्येक कोठडीचं दार पुढच्या इमारतीच्या पाठीकडे. म्हणजे समोर माणूस दिसायचाच नाही. हे संध्याकाळच्या दिव्यांत कळत नाही, उन्हात वर गच्चीवर उभं राहिलं की कळतं. आज सातांतल्या तीनच उरल्यात.

आपले लोक तिसऱ्या मजल्यावर जातात, टोकाच्या कोठडीत सावरकरांना नमस्कार करतात, फोटो काढतात आणि खाली. नमस्कार कराच, पण उतरताना नावांच्या पाट्या वाचा. बंगाल आणि पंजाबची किती नावं आहेत ते बघा. १९३३च्या उपोषणात महावीर सिंग, मोहन किशोर नमोदास आणि मोहित मोइत्र गेले. आपल्याला शाळेत ही नावं कुणी सांगितली नाहीत, आणि मीही तीस वर्षं शिकवताना सांगितली नाहीत, हे कबूल करतो. आणि कोलू, म्हणजे तेलाचा घाणा, बघा. लहानपणी आमच्या गल्लीत तेल्याचा घाणा होता, त्याला बैल होता. तिथं माणूस.

आता खानदेशचं सांगतो. सेंधव्याच्या घाटातल्या खाज्या नाईकांबरोबर इंग्रजांशी लढलेला बडवानीकडचा भीमा नाईक काळ्या पाण्यावर गेला आणि १८७६ मध्ये तिथंच वारला. तेव्हा हे जेल नव्हतंच. कैद्यांची वसाहत १८५८ची, जेलचं बांधकाम १८९६ ते १९०६. म्हणजे आपल्या सातपुड्यातला माणूस शोधायचा तर तो या कोठड्यांत सापडत नाही. त्यासाठी बेटाकडेच वेगळ्या नजरेनं बघावं लागतं. बोटीनं व्हायपर बेटावर जाता आलं तर जा, सेल्युलरच्या आधीचा तुरुंग आणि फाशीघर तिथं आहे. व्हाइसरॉय मेयोला मारणाऱ्या शेर अलीला १८७२ मध्ये तिथंच फासावर दिलं.

भुसावळ जंक्शन
मास्तर, वाचताना अंगावर काटा आला. पण आठ-दहा वर्षांचं पोर सुट्टीत फाशीघर बघून रात्री झोपेल का, तेही सांगा.

पिंप्राळ्याचा मास्तर
त्याला रॉसला न्या. तिथं हरणं फिरतात, मोर दिसतात आणि इंग्रजांच्या चर्चच्या भिंती वडा-पिंपळाच्या मुळांनी गिळल्यात. साहेबाचा बंगला झाडानं खाल्ला, हे पोराला बरोबर कळतं.

केळीचा घड
नीलला जाणार असाल तर भरती-ओहोटीची वेळ आधी विचारा. तिथला दगडी पूल, ज्याला हावडा ब्रिज म्हणतात, तिथं ओहोटीलाच चालत जाता येतं. आम्हाला गाडीवाल्यानं त्याच्या सोयीनं भर भरतीला नेलं. समोर नुसतं पाणी. आम्ही रावेरची माणसं, हतनूरचे दरवाजे उघडले की पूर येतो एवढंच आम्हाला ठाऊक. चंद्र बघून सहल आखायची असते हे त्या दिवशी कळलं. ओहोटीला गेलात तर खडकांमधल्या डबक्यांत बारके मासे, समुद्रकाकडी, खेकडे, आणि पोरं तिथून हलणार नाहीत.

तापीकाठचा
ताईंचं वाचल्यावर बारातांगवरची माझी फुली आणखी जाड झाली. माझं कारण आळसाचं होतं, हे मान्य. सातपुडाभाऊ, कयाक बघतो, तुमच्याइतकी चिंचोळी खाडी नसेल तिथं.

दिवस असे लावलेत. पहिला दुपारपर्यंत जेल, दुसरा रॉस, मग दोन दिवस स्वराज द्वीप आणि स्कूबा उतरल्या उतरल्याच, एक दिवस नील. शेवटचा परतीचा. व्हायपरसाठी वेळ निघत नाही मास्तर, बघतो. बाबा आत्ता बाजूला बसून विचारतायत की कळण्याच्या भाकरी तीन दिवस टिकतील का. आईनं ठेच्याची बरणी आधीच बाजूला काढलीय.