मदत हवी आहे: ऊसतोडीला निघणाऱ्या घरांसाठी टिकाऊ फराळ

आमचं गाव बीड जिल्ह्यात. वर्गणी काढून मंडळातर्फे ऊसतोड करणाऱ्या ६० घरांना दिवाळीचा फराळ देतो. अडचण अशी की मुकादमाची (मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची) गाडी बहुतेकदा दिवाळीआधीच येते, मग फराळ उसाच्या फडावरच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, उघडला जातो.

मागच्या साली करंज्या दिल्या. ओल्या नारळाचं सारण, चार दिवसांत आंबल्या. चिवड्यातले शेंगदाणे मऊ पडले, शंकरपाळ्यांना खवट वास. लाज वाटली खरं. कच्चा शिधा देऊन पाहिला, पण निघायच्या गडबडीत, चुलीवर, कोण तळत बसणार? गावात राहणाऱ्या म्हाताऱ्या-लेकरांना मात्र शिधाच आवडला, तो तसाच चालू ठेवतोय.

बजेट घरटी ५०० रुपये. तळायला गावातल्याच बायका, त्यांची मजुरी यातच. देणगीदारांना दाखवायला वाटपाचे फोटो काढत नाही, त्यामुळे देणगीदार वाढवा हा सल्ला नको.

फराळ करणाऱ्यांनी सांगावं: फ्रीजशिवाय, कोपीतल्या दमट हवेत पंधरा दिवस टिकेल असं काय करावं? सुक्या खोबऱ्याच्या करंज्या टिकतील का, की बेसनलाडू आणि शेवच बरी? आणि भरायला प्लास्टिकची पिशवी की पत्र्याचा डबा?